ठाणे-नवी मुंबईत म्युझिक सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची भेट किंवा कार्यशाळा कशी भरवायची

ठाणे आणि नवी मुंबईत कम्प्युटरवर संगीत करणारी माणसं भरपूर आहेत, फक्त ती एकमेकांना भेटत नाहीत. ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी कंपन्यांत दिवसभर काम करून रात्री एबलटन हे संगीत करायचं सॉफ्टवेअर उघडून बसणारे एकीकडे. दिवाळे किंवा कोपरखैरणे गावठाणात घरच्याच खोलीत हळदीची गाणी आणि कोळीगीतं रेकॉर्ड करणारे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड वादक दुसरीकडे. विद्यार्थ्यांना रियाजासाठी तानपुरा-तबल्याचा ट्रॅक करून द्यावा असं वाटणारे नौपाड्यातले गाण्याच्या क्लासचे शिक्षक तिसरीकडे. प्रत्येक जण एकटाच व्हिडिओ बघून शिकतो आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात.

मी गेली काही वर्षं ठाण्यात आणि वाशी-नेरुळ पट्ट्यात अशा भेटी आणि कार्यशाळा भरवतो आहे. पहिल्यांदा भरवणाऱ्याला जे कुणी सांगत नाही ते सगळं इथे देतो. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधी: आलेल्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मशिनवर केलेली एक ऑडिओ फाइल घेऊन घरी जायला हवं. आठ मात्रांची असली तरी चालेल. नुसतं ऐकायला घरबसल्या हवं तेवढं मिळतं, त्यासाठी रविवारी लोकल पकडून कुणी येऊ नये. जागा, वीज, फी, शिक्षक यांतला कुठलाही निर्णय घेताना हीच कसोटी लावा.

१. भेट हवी की कार्यशाळा, हे आधी ठरवा

भेटीत लोक आपापलं काम ऐकवतात, एकमेकांच्या अडचणी सोडवतात, ओळखी होतात. तिला आठ-दहा माणसं, एक खोली आणि चांगल्या स्पीकरची एक जोडी पुरते. कार्यशाळेत एक विषय असतो, शिकवणारा असतो आणि प्रत्येकासमोर लॅपटॉप असतो, त्यामुळे तयारी कितीतरी जास्त लागते.

सुरुवात भेटीपासून करा. दोन-तीन भेटी झाल्या की कोण काय वापरतं, कुणाला काय येतं, लोक कशात अडतात हे समजतं आणि कार्यशाळेचा विषय आपोआप पुढे येतो. एकदम मोठी कार्यशाळा जाहीर करणाऱ्यांची सगळी ताकद हॉल आणि पोस्टरमध्ये जाते. मग त्या दिवशी कळतं की निम्म्या लोकांना विषय येतो आणि उरलेल्या निम्म्यांनी सॉफ्टवेअर कधी उघडलेलंच नाही.

कार्यशाळेचा विषय अरुंद ठेवा. ‘म्युझिक प्रॉडक्शन शिका’ हा विषय होऊ शकत नाही. ‘मोबाइलवर रेकॉर्ड केलेली ढोलकी स्वच्छ करून गाण्यात बसवणे’ हा होऊ शकतो.

२. सॉफ्टवेअर कोणतं?

भेटीला कुठलंही चालतं. कार्यशाळेला मात्र एकच ठरवा. चार जण एफएल स्टुडिओवर, तिघे क्युबेसवर आणि दोघे लॉजिकवर असतील तर शिकवणाऱ्याचा अर्धा वेळ ‘तुमच्यात ते बटण कुठे आहे’ यातच जातो.

मिश्र गटासाठी मी रीपर सुचवतो. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, इन्स्टॉलर अगदी छोटा आहे आणि ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं. त्यानंतर वापरायचं असेल तर लायसन्स घ्यायचं. व्यक्तिगत वापराचं लायसन्स ६० डॉलरचं आहे. एबलटन लाइव्हची चाचणी आवृत्ती ३० दिवस चालते आणि लॉजिक प्रोची मॅकवर ९० दिवस, पण लॉजिकसाठी मॅक किंवा आयपॅड लागतो. एफएल स्टुडिओच्या चाचणी आवृत्तीत एक मोठी अडचण आहे: त्यात प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण लायसन्स घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. म्हणून एफएलची कार्यशाळा असेल तर काम त्याच बैठकीत संपवून ऑडिओ एक्सपोर्ट करायला (कुठेही वाजेल अशी फाइल काढायला) लावा.

आपल्याकडे क्रॅक केलेली सॉफ्टवेअर सर्रास वापरली जातात. तुमच्या कार्यक्रमात ती चालणार नाहीत, हे नोंदणीच्या वेळीच नम्रपणे पण स्पष्ट लिहा. त्यात कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय अशी आवृत्ती नेमकी त्या दिवशी बंद पडते किंवा सोबत आलेला व्हायरस पेनड्राइव्हवरून सगळ्यांच्या मशिनमध्ये जातो. मी कुणालाही यावरून चारचौघांत बोलत नाही. चाचणी आवृत्तीचा दुवा पाठवतो आणि ती टाकायला मदत करतो, बहुतेकांना तेवढंच हवं असतं.

पोस्टरवर सॉफ्टवेअरचं नाव साध्या अक्षरांत लिहायला हरकत नाही. कंपनीचा लोगो आणि ‘अधिकृत’ हा शब्द मात्र परवानगीशिवाय वापरू नका. एबलटनचा युजर ग्रुपसाठी स्वतःचा उपक्रम आहे. नियमित भेटी सुरू झाल्या की त्यांच्याकडे अर्ज करता येतो. तसंच ‘सर्टिफाइड ट्रेनर’ ही एबलटन, स्टाइनबर्ग यांसारख्या कंपन्यांनी दिलेली पात्रता आहे. ती नसलेल्या शिक्षकाच्या नावापुढे ती लावू नका, मग तो कितीही तयारीचा असो.

३. जागा

ठाण्यात कार्यक्रम म्हटलं की गडकरी रंगायतन किंवा घाणेकर आणि नवी मुंबईत वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह डोळ्यांसमोर येतं. आपल्याला त्यांचा उपयोग नाही. खुर्चीला जोडलेलं टेबल नसतं, सॉकेट नसतात आणि हजारभर खुर्च्यांत पंधरा माणसं हरवून जातात.

उपयोगी जागा अशा: रविवारी रिकामे असणारे कोचिंग क्लास, को-वर्किंग ऑफिसमधली मीटिंग रूम, सोसायटीचं क्लबहाउस, गाण्याचे क्लास, ग्रंथालयांचे छोटे हॉल. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. अशा संस्थांच्या सभागृहांत कार्यक्रम होत असतात आणि तिथल्या लोकांना कार्यक्रम म्हणजे काय हे समजतं, हा मोठा फायदा. घंटाळीचं सहयोग मंदिरही स्टेशनपासून सोयीचं आहे.

जागा बघायला जाल तेव्हा कार्यक्रमाच्याच वारी, त्याच वेळी जा. सोबत मेजरिंग टेप, एक चार्जर आणि हेडफोन न्या. मग हे बघा:

टाळी वाजवा. नुसत्या टाइल्स आणि काचा असलेल्या खोलीत टाळी टणटणत परत येते. तिथे मिक्सिंग शिकवता येत नाही, गाणं ऐकवताही येत नाही. पडदे, सतरंज्या, मागे पुस्तकांची कपाटं असतील तर खोली शांत वाटते. चांगली दुसरी जागा मिळत नसेल तर मालकांना सतरंज्या मागा, प्रत्येक हॉलवाल्याकडे असतात.

बेंचची रुंदी मोजा. लॅपटॉप आणि छोटा मिडी कीबोर्ड (सॉफ्टवेअरमधले सूर वाजवायला लॅपटॉपला जोडतात तो) मिळून प्रत्येकाला किमान अडीच फूट लागतात. कोचिंग क्लासच्या अरुंद बेंचवर लॅपटॉप ठेवला की माउसला जागा उरत नाही. अशा बेंचवर दोनऐवजी एकच माणूस धरा आणि त्याप्रमाणे संख्या कमी करा.

प्रत्येक सॉकेटमध्ये चार्जर लावून बघा. ‘सगळे चालू आहेत’ या उत्तरावर विसंबू नका.

शेजारी काय आहे ते विचारा. त्या दिवशी वरच्या मजल्यावर साखरपुडा किंवा बारसं असेल तर तुमचं ऐकण्याचं सत्र संपलंच. एसी आणि पंखे बंद करून खोलीत दोन मिनिटं शांत बसा, मग चालू करून बसा. रेकॉर्डिंग शिकवायचं असेल तर एसीचा आवाज माइकमध्ये येणार. रेकॉर्डिंगपुरता तो बंद करता येईल का, त्याचा स्विच कुणाच्या हातात आहे, हेही विचारून ठेवा.

सोसायटीचं क्लबहाउस स्वस्त पडतं, पण सेक्रेटरींचं लेखी पत्र घ्या आणि येणाऱ्यांच्या नावांची यादी आदल्या दिवशी गेटवर द्या. नाहीतर प्रत्येक पाहुण्यासाठी वॉचमन तुम्हाला फोन करत राहतो आणि पहिला अर्धा तास गेटवरच जातो.

४. वार, वेळ आणि लोकल

रविवार सकाळ सगळ्यांना जमते, पण रविवारी मेगाब्लॉक असतो. मध्य रेल्वेचं वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. मुख्य मार्गावर, हार्बरवर आणि कधी ट्रान्सहार्बरवरही सकाळी साधारण साडेदहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत ब्लॉक असतो. म्हणून लोकांना साडेनऊला बोलवा आणि दहाला सुरू करा, येताना तरी कुणी अडकत नाही. ब्लॉकची बातमी आली की लगेच ग्रुपवर टाका आणि सोबत बसचा पर्याय लिहा. डोंबिवली-कल्याणहून येणारे तुमचे आभार मानतील.

जागा स्टेशनपासून चालत अंतरावर असेल तर संख्या टिकते. ठाण्यात तलावपाळी, नौपाडा, घंटाळी हा भाग चालत जमतो. घोडबंदर रोडवर सुंदर क्लबहाउस आहेत, पण खांद्यावर कीबोर्ड घेऊन नवी मुंबईहून तिथे पोचणं हे अर्ध्या दिवसाचं काम होतं. दोन्ही शहरांतून लोक येणार असतील तर ट्रान्सहार्बरवरचं स्टेशन निवडा: ऐरोली, कोपरखैरणे किंवा थेट वाशी. वाशी हार्बरवरही आहे, त्यामुळे पनवेल आणि चेंबूरचे लोकही येतात. नवी मुंबईचा पत्ता देताना सेक्टर, प्लॉट नंबर आणि स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं हे लिहा. नुसत्या सेक्टर नंबरावर माणूस वीस मिनिटं फिरतो.

कॅलेंडर बघताना वादकांचे दिवस ध्यानात घ्या. गणपती ते नवरात्र बेंजो पार्ट्या, ढोल-ताशा पथकं आणि ऑर्केस्ट्रावाले कुणाचेच नसतात. लग्नसराईत हळदीच्या कार्यक्रमांमुळे शनिवार-रविवार रात्रीचे वादक सकाळी येऊ शकत नाहीत. हे लोक यावेत असं वाटत असेल, आणि ते यायलाच हवेत, तर त्यांच्यासाठी मधल्या वारी संध्याकाळी भेट ठेवा. आयटीवाल्यांच्या सोयीने सगळं ठरवलं की गावठाणातले वादक हळूहळू येईनासे होतात आणि ताल कळणारे लोकच गटातून जातात. जून ते सप्टेंबर पावसाचा हिशेब धरा. लॅपटॉप आणि केबलींसाठी मोठ्या प्लॅस्टिक पिशव्या आणायला सांगा आणि ओल्या छत्र्या दाराबाहेर ठेवायची सोय करा.

५. कागदपत्रं आणि परवानग्या

बंद खोलीत, वीस माणसांत, छोट्या स्पीकरवर भेट घेण्यासाठी फार कागद लागत नाहीत. तरी एक फाइल तयार ठेवा:

- जागेच्या बुकिंगचं पत्र आणि पैसे भरल्याची पावती, त्यात वार, वेळ आणि अनामत रक्कम लिहिलेली
- बुकिंग करणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत
- सोसायटी असेल तर सेक्रेटरींचं परवानगीपत्र
- शिकवणाऱ्याशी मानधन आणि वेळ ठरवल्याचा मेसेज किंवा ईमेल, छापून
- येणाऱ्यांची यादी आणि प्रत्येकाच्या घरचा एक फोन नंबर
- १८ वर्षांखालील मुलं असतील तर पालकांची लेखी संमती

अनामत कधी आणि कशी परत मिळणार, हे पावतीवरच लिहून घ्या. एका हॉलची अनामत परत मिळवायला मला बरेच हेलपाटे घालावे लागले, कारण पावतीवर फक्त रक्कम होती.

गच्ची, बाग किंवा उघडं मैदान असेल तर गोष्ट वेगळी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लाउडस्पीकरसाठी लेखी परवानगी लागते. अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात द्या, किमान पंधरवडा आधी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. शाळेची खोली भाड्याने घेणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावं.

गाण्यांच्या हक्कांबद्दल. बाजारातली गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवायची तर ध्वनिमुद्रणाचे आणि शब्द-संगीताचे हक्क वेगवेगळे असतात. ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल आणि शब्द-संगीतासाठी आयपीआरएस या संस्थांकडे परवान्याची चौकशी करावी लागते. आमच्याकडे सोपा नियम आहे: फक्त सभासदांनी स्वतः केलेलं काम वाजतं. उदाहरणासाठी लागणारे तबला, ढोलकी, हार्मोनियमचे तुकडे आम्हीच रेकॉर्ड करून ठेवले आहेत. प्रश्नच उरत नाही, आणि आपल्या मातीतले आवाज मिळतात हे त्याहून चांगलं.

आणखी एक. कुणी अर्धवट गाणं विश्वासाने ऐकवलं तर ते कुणीही मोबाइलवर रेकॉर्ड करायचं नाही. हा नियम दारावर लिहून लावा आणि सुरुवातीला मोठ्याने सांगा.

६. वीज, आवाज आणि केबली

बहुतेक कार्यक्रम इथेच बिघडतात, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी वीज. साध्या लॅपटॉपचा चार्जर ६५ ते ९० वॉटचा असतो. १५ लॅपटॉप धरले तर १३५० वॉट होतात, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर. भिंतीवरचा साधा सॉकेट ६ अँपिअरचाच असतो. एका सॉकेटला बोर्डाला बोर्ड जोडून सगळी खोली चालवली तर तो गरम होतो, आणि प्रोजेक्टर लावला की एमसीबी पडतो. दोन वेगवेगळ्या लाइनवर भार विभागा किंवा १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरून जाड वायरचा बोर्ड घ्या. गेमिंग लॅपटॉपचे चार्जर याच्या दुप्पट असतात, ते वेगळे मोजा. सगळ्यांना पूर्ण चार्ज करून यायला सांगितलं तर निम्मा प्रश्न सुटतो. शिकवणाऱ्याचा लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि शक्य असल्यास प्रोजेक्टर छोट्या यूपीएसवर ठेवा. पावसाळ्यात वीज सेकंदभर जाऊन येते आणि तेवढ्यात प्रोजेक्टर बंद पडून पुन्हा गरम होईपर्यंत पाच मिनिटं जातात.

मग गुणगुण. स्पीकर लावले की ‘हंऽऽ’ असा सतत आवाज येतो, तो ५० हर्ट्झच्या विजेचा. शिकवणाऱ्याच्या लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर अर्थिंगचा वेढा झाला आहे असं समजा. लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर आणि प्रोजेक्टर एकाच बोर्डावर आणा. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल (बाहेरची गुणगुण कापणारी) वापरा. तरीही गुणगुण राहिली तर मध्ये डीआय बॉक्स (अर्थिंगचा वेढा तोडणारी छोटी पेटी) लावा. काही साउंडवाले प्लगची अर्थिंगची मोठी पिन काढून टाकतात आणि आवाज जातोही. ते कधीही करू देऊ नका. त्या पिनेवर माणसाचा जीव अवलंबून असतो, आणि आपल्याकडे लोक माइक हातात धरून बसलेले असतात.

स्पीकर म्हणून डीजेचे मोठे टॉप मागवू नका. पाच इंची स्टुडिओ मॉनिटरची एक जोडी, कानाच्या उंचीवर, वीस माणसांना पुरते. मिक्समधला बारीक फरक मोठ्या टॉपवर कळतच नाही.

हेडफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. कीबोर्डची पट्टी आत्ता दाबली आणि सूर मागाहून आला तर वाजवणं अशक्य. नोंदणीच्या मेसेजमध्ये हे ठळक लिहा, तरी दोघे-तिघे ब्लूटूथच आणतात. म्हणून साध्या वायरच्या हेडफोनचे तीन-चार जोड तुमच्या पिशवीत ठेवा.

लेटन्सी, म्हणजे वाजवल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर, समजावताना आकडा द्या, लगेच पटतं. ४८ किलोहर्ट्झवर ५१२ सॅम्पलचा बफर (कम्प्युटर एका वेळी जमवून घेतो तेवढा आवाज) म्हणजे १०.७ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे २.७. रेकॉर्ड करताना बफर कमी, मिक्स करताना जास्त. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारा) टाकायला लावा, इंटरफेस नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल मोफत मिळतो. मॅकवर वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही, पण तिथे दुसरा खड्डा आहे: पहिल्यांदा रेकॉर्ड करताना माइकची परवानगी विचारली जाते. घाईत ‘नको’ दाबलं गेलं तर ट्रॅक रेकॉर्ड होताना दिसतो आणि आत शांतता असते. सिस्टिम सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्या आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.

प्रोजेक्टरला एचडीएमआय लावली की लॅपटॉपचा आवाज पुष्कळदा प्रोजेक्टरकडे पळतो. शिकवणारा म्हणतो ‘आवाज येत नाहीये’ आणि सगळे केबली हलवत बसतात. केबल ठीक असते, आउटपुटमध्ये पुन्हा इंटरफेस निवडायचा एवढंच.

पिशवीत काय असावं: दोन मजबूत स्पाइक गार्ड, मल्टिमीटर किंवा निदान टेस्टर, एचडीएमआय केबल आणि यूएसबी-सी अ‍ॅडॉप्टर, छोट्या ३.५ मिमी पिनेवरून मोठ्या ६.३५ मिमी जॅकवर जायचे कन्व्हर्टर, हेडफोन स्प्लिटर, प्रिंटरला लागते तशी चौकोनी तोंडाची यूएसबी केबल (मिडी कीबोर्ड आणणारे हमखास हीच विसरतात), गॅफर टेप, दोन पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएसवर मॅकला फाइल वाचता येते, लिहिता येत नाही. जमिनीवरच्या प्रत्येक केबलीवर टेप लावा. अंधार करून प्रोजेक्टर लावला की कुणीतरी अडखळतंच.

७. नोंदणी आणि पैसे

नोंदणीसाठी गुगल फॉर्म पुरतो. नाव, फोन, लॅपटॉप विंडोज की मॅक, कोणतं सॉफ्टवेअर आणि कुठली आवृत्ती, इंटरफेस आणि वायरचा हेडफोन आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा: ‘सध्या तुम्ही नेमके कुठे अडला आहात?’ त्याला मोठी चौकट द्या. माझ्या कार्यशाळांचे सगळे चांगले विषय या एका चौकटीतून आले आहेत.

फी थोडी का होईना ठेवा. फुकट असलं की नावं खूप येतात, माणसं येत नाहीत आणि खुर्च्या रिकाम्या राहतात. जागेचं भाडं, मानधन, चहा-नाश्ता आणि किरकोळ यांची बेरीज करा, अपेक्षेपेक्षा एक तृतीयांश कमी लोक येतील असं धरून भागाकार करा. विद्यार्थ्यांसाठी दोन-तीन जागा बिनपैशाच्या ठेवा आणि त्या कुणाला दिल्या हे कुणालाही सांगू नका. शिकवणाऱ्याला मानधन द्याच, मित्र असला तरी. यूपीआयने पैसे घ्या, कार्यक्रमानंतर जमा-खर्च ग्रुपवर टाका. हिशेब उघडा असला की पुढच्या वेळी पैसे मागताना संकोच वाटत नाही.

सुरुवातीला संस्था नोंदवायची गरज नाही. नियमित वर्गणी, देणग्या सुरू झाल्या तर विचार करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि पुढे दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण आलंच.

८. आठवडाभर आधी

सॉफ्टवेअर कार्यक्रमाच्या दिवशी इन्स्टॉल करायचं नाही. पंधरा जण हॉलच्या वायफायवर एकदम डाउनलोड करायला लागले की सकाळ संपली. सात दिवस आधी दुवा पाठवा आणि एक छोटं काम द्या: सॉफ्टवेअर उघडा, ‘सा’ लावून दहा सेकंद रेकॉर्ड करा, फाइल एक्सपोर्ट करून ग्रुपवर टाका. ज्याची फाइल आली त्याचं मशिन तयार. ज्याची आली नाही त्याला बुधवार-गुरुवारी फोन करा. एवढ्या एका कामाने त्या दिवशीचा तासभर वाचतो.

विंडोज अपडेट आदल्या रात्रीच करून घ्यायला सांगा.

९. शिकवणं कसं आखायचं

दर पाच जणांमागे एक मदतनीस हवा. तो तज्ज्ञ नसला तरी चालेल, त्याने तो धडा आधी एकदा स्वतः केलेला असावा. शिकवणाऱ्याने थांबून एकेकाचं मशिन बघायचं नाही, ते मदतनिसाचं काम.

चार तासांच्या कार्यशाळेत दीड तासापेक्षा जास्त बोलणं नको. दहा मिनिटं दाखवा, वीस मिनिटं करू द्या. पडद्यावर सॉफ्टवेअरची अक्षरं मोठी करा, माउसचा बाण मोठा करा आणि शेवटच्या बेंचवर बसून स्वतः वाचून बघा. मेनूतले शब्द पडद्यावर जसे आहेत तसेच उच्चारा, बाकी सगळं मराठीत बोला. ‘रेंडर’ला ‘रेंडर’च म्हणा, म्हणजे घरी गेल्यावर बटण सापडतं.

सूर सांगताना दोन्ही नावं घ्या. गायक ‘काळी एक’ म्हणतो, सॉफ्टवेअर सी शार्प दाखवतं. ‘पांढरी चार’ म्हणजे एफ, ‘काळी चार’ म्हणजे जी शार्प. याचा एक तक्ता भिंतीवर लावला की गाण्याच्या शिक्षकांची निम्मी भीती जाते.

तालाचंही तसंच. ही सॉफ्टवेअर उघडतात तीच चार-चारच्या हिशेबाने. केरवा आणि तीनतालाला ते चालून जातं. रूपकाला सात-चार करावं लागतं, नाहीतर दुसऱ्याच आवर्तनात सम ग्रिडच्या, म्हणजे पडद्यावर मात्रा दाखवणाऱ्या उभ्या रेषांच्या, जागेवरून सरकते. कोळीगीताच्या ठेक्याला सहा-आठ ठेवा किंवा ग्रिड ट्रिपलेटवर (एका मात्रेचे तीन भाग) न्या. दिवाळ्याचे एक ऑक्टोपॅड वादक कित्येक महिने स्वतःचं वाजवणं क्वांटाइझ करून (ठोके ग्रिडच्या जवळच्या रेषेवर सरकवून) बिघडवत होते, कारण ग्रिड सोळाव्या भागावर होतं आणि प्रत्येक ठोका चुकीच्या रेषेला चिकटत होता. ग्रिड ट्रिपलेटवर केल्यावर त्यांनी तोच ठेका पुन्हा वाजवला, क्वांटाइझ दाबलं आणि ठोके जागच्या जागी बसले. त्यांनी हेडफोन काढून शेजारच्याच्या कानाला लावला. असा प्रश्न व्हिडिओच्या कोर्समध्ये येत नाही, कारण तो बनवणाऱ्याला हा ठेका माहीत नसतो. म्हणून शिकवणारा शोधताना, सॉफ्टवेअर थोडं कमी येत असलं तरी, ताल-सुराची समज असलेला निवडा.

ऐकण्याचं सत्र ठेवणार असाल तर सगळ्यांचे ट्रॅक आधी एकाच पातळीवर आणा. स्पॉटिफाय -१४ एलयूएफएसला (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) गाणी आणतं, तीच पातळी धरा. नाहीतर मोठ्याने वाजलेलं गाणं चांगलं वाटतं आणि हळुवार काम मागे पडतं. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू द्या: ‘आवाज पुढे आहे का?’, ‘ढोलकी जास्त होते का?’ त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. अख्ख्या गाण्याची चिरफाड सुरू झाली तर संयोजक म्हणून तिथेच थांबवा. नवा माणूस एकदा दुखावला की परत येत नाही.

१०. त्या दिवशी

दीड तास आधी पोचा. क्रम असा: वीज, स्पीकर, प्रोजेक्टर, मग खुर्च्या. येणाऱ्याचं स्वागत करायला आणि बसवायला एक माणूस वेगळा ठेवा. अनुभवी आणि नवखा असे शेजारी-शेजारी बसवा. एकट्याने आलेल्या मुलीला किंवा बाईंना ओळख करून देऊन गटात बसवा, आणि शिकवणाऱ्यांत-मदतनिसांत स्त्रिया असतील हे आधीपासून बघा.

चहा टेबलांपासून लांब. मशिनवर चहा सांडला तर मशिन गेलं.

शेवटची चाळीस मिनिटं फक्त एक्सपोर्टसाठी राखा, काहीही झालं तरी. यातही एक खड्डा आहे: लोक फक्त प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर घेतात, आणि घरी उघडल्यावर ऑडिओ सापडत नाही. एबलटनमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ करायला लावा, रीपरमध्ये सेव्ह करताना सगळी मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याचा पर्याय टिक करायला लावा. मग डब्ल्यूएव्ही फाइल काढा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ फाइल मिनिटाला साधारण १७ एमबी होते, त्या हिशेबाने पेनड्राइव्हवर जागा ठेवा. निघण्यापूर्वी प्रत्येकाची फाइल त्याच्या मोबाइलवर वाजवून बघा.

११. दोन दिवसांत उरकायची कामं

अनामत परत घ्या. जमा-खर्च ग्रुपवर टाका. धड्याचा प्रोजेक्ट आणि नोट्स एका फोल्डरमध्ये ठेवून दुवा पाठवा. फॉर्ममधल्या ‘कुठे अडला आहात’च्या उत्तरांपैकी कुठली सुटली, कुठली राहिली, याच्या पुढे खुणा करा. राहिलेल्यांतला जो प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी लिहिला असेल, तो पुढचा विषय. त्याच आठवड्यात हॉलवाल्यांना फोन करून पुढच्या महिन्याचा रविवार धरून ठेवा आणि तारीख ग्रुपवर पिन करा. केबलींची पिशवी घरी उघडून मोजा, कारण कुणाचा तरी चार्जर तुमच्याकडे आलेला असतो आणि तुमचं एखादं कन्व्हर्टर कुणाच्या तरी बॅगेत गेलेलं असतं.